मालमोटारीचा हातब्रेक : निवड, निगा आणि कसोटी

शेतमाल बाजारात नेण्याचे काम पूर्वी बैलगाडीकडे होते. आज ते मालमोटार, पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रेलर यांच्याकडे आले आहे. नाशिकचा कांदा व द्राक्षे कसारा घाट उतरून मुंबईकडे जातात. रत्नागिरीचा आंबा आंबा घाट चढून कोल्हापुरास येतो. हंगाम सुरू झाला की ऊस हजारो गाड्यांतून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत पोहोचतो. या वाहतुकीत धावती गाडी थांबविणाऱ्या पायब्रेककडे चालकाचे लक्ष असते, कारण तो बिघडला की लगेच कळते. थांबलेली गाडी जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या हातब्रेकची मात्र बहुधा उपेक्षा होते. तो ढिला झाला तरी गाडी चालते, माल पोहोचतो आणि दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलली जाते.

वस्तुतः उभ्या गाडीपासूनचा धोका धावत्या गाडीपेक्षा कमी मानणे चुकीचे आहे. धावत्या गाडीत सुकाणू धरणारा मनुष्य असतो. उभी गाडी आपोआप घरंगळू लागते, तेव्हा चालक बहुधा चहाच्या टपरीवर, काट्याच्या खोलीत किंवा गाडीखाली दुरुस्ती करीत असतो, आणि गाडीच्या मागेपुढे माल चढविणारी माणसे उभी असतात. म्हणूनच मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२६ अन्वये, चालकाच्या जागी परवानाधारक मनुष्य नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज केल्याशिवाय, ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही.

उताराचे गणित

हातब्रेकवर किती भार पडतो हे समजण्यास फारसे गणित लागत नाही. रस्ता वीस फुटांत एक फूट उतरत असेल, तर गाडीच्या एकूण वजनाचा सुमारे विसावा हिस्सा तिला खाली ओढीत असतो. मालासह १६ टन भरणारी मालमोटार अशा उतारावर सुमारे ८०० किलोच्या ओढीने खाली जाऊ पाहते. दहात एक असा घाटातील चढ असेल, तर ही ओढ १,६०० किलोपर्यंत जाते. डोळ्यांना जवळजवळ सपाट वाटणाऱ्या पन्नासात एक उतारावरही ती ३२० किलो असते. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरांचा स्वतःचा अडथळा वजनाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे १६० किलोच्या घरात असल्याने, ब्रेक नसलेली भरलेली गाडी अशा ‘सपाट’ आवारातही चालू लागते.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. तीच मालमोटार रिकामी असताना ६ टन भरत असेल, तर दहात एक उतारावर तिला धरण्यास ६०० किलोचा जोर पुरतो. रिकामी गाडी धरणारा हातब्रेक भरलेली गाडी धरीलच असे नाही. उतारावर उभी केलेली गाडी भरताना सुरुवातीस निश्चल राहते आणि माल वाढत जाऊन शेवटच्या मोळ्या किंवा पोती चढविली जात असताना सरकते, याचे कारण हेच होय. त्या क्षणी फळीवर व गाडीमागे सर्वांत अधिक माणसे असतात.

हातब्रेकचे प्रकार

शेतीच्या वाहतुकीत प्रामुख्याने चार प्रकारचे हातब्रेक आढळतात. आपल्या गाडीस कोणता आहे हे मालकाने आधी ओळखावे, कारण प्रत्येकाची निगा वेगळी आहे.

पहिला प्रकार तारेचा. पिकअप व लहान मालगाड्यांत दातेरी पट्टी असलेला लिव्हर ओढला की तार ताणली जाते आणि मागील चाकांच्या ड्रममधील पट्टे ड्रमवर दाबले जातात. बांधणी साधी व दुरुस्ती सोपी. परंतु तार ताणते, गंजते, आणि जोर सर्वस्वी चालकाच्या हातावर अवलंबून असतो.

दुसरा प्रकार गिअरपेटीमागील दांड्यावरचा ब्रेक. जुन्या जीपगाड्यांत तो सर्रास असे. येथे चाके थेट न धरता त्यांच्याकडे जाणारा फिरता दांडा धरला जातो. गिअरांमुळे थोड्या जोरात मोठे काम होते हा त्याचा गुण. मोठा दोष असा की, मागील एक चाक जॅकने उचलले तर डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि जमिनीवरील दुसरे चाकही सुटते. अशा गाडीचे चाक बदलताना, हातब्रेक कितीही घट्ट लावलेला असला तरी, जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेच पाहिजेत.

तिसरा प्रकार स्प्रिंगचा. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या मालमोटारींत आज तोच रूढ आहे. मागील चाकांजवळच्या डब्यात एक जबरदस्त स्प्रिंग दाबून बसविलेली असते. टाकीतील हवेचा दाब तिला मागे रेटून ठेवतो, तेव्हा गाडी मोकळी असते. चालकाने केबिनमधील झडप फिरविली की ती हवा निघून जाते आणि स्प्रिंग ब्रेक आवळते. गाडी हवेच्या नव्हे, तर स्प्रिंगच्या जोरावर उभी राहते, आणि हवा गळून गेली तरी ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय.

चौथा प्रकार ट्रॅक्टरचा. बहुतेक ट्रॅक्टरांत डाव्या व उजव्या मागील चाकांसाठी स्वतंत्र पेडल असतात. त्यांना जोडणारी कडी लावून दोन्ही पेडल एकत्र दाबावे आणि मग खटका बसवावा. कडी न लावता एकच पेडल खटक्यात अडकविला तर एकच चाक धरले जाते आणि ट्रॅक्टर फिरून उताराला लागू शकतो.

गाडी घेताना काय पाहावे

नवी मोठी मालमोटार घेताना निवडीस फार वाव नसतो. तिचा ब्रेक नियमांच्या कसोटीस उतरलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ याच्या नियम ९६ प्रमाणे गाडीस पायब्रेक आणि हातब्रेक अशा दोन स्वतंत्र व कार्यक्षम यंत्रणा असणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय मानकातील अपेक्षा अशी की, एकट्या भरलेल्या गाडीस तिच्या हातब्रेकने १८ टक्के चढावर किंवा उतारावर निश्चल धरावे, आणि ट्रेलर जोडला असता १२ टक्के उतारावर संपूर्ण जोडी धरावी. या दोन आकड्यांतील फरक ध्यानात ठेवावा. ट्रेलर जोडला की त्याच ब्रेकचे सामर्थ्य कमी उतारास पुरते. आणि हे आकडे ठरलेल्या वजनापुरतेच आहेत. ठरल्याहून अधिक माल लादलेल्या गाडीस कोणतेच मानक संरक्षण देऊ शकत नाही.

खरी पारख लागते ती जुनी गाडी घेताना. रंग, टायर व इंजिन यांकडे सर्वांचे लक्ष जाते. हातब्रेक पाहण्यास फार थोडे जण सांगतात. पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात. लिव्हर शेवटच्या दातापर्यंत वर येतो काय? खटका दातांत नीट बसतो, की दात झिजून तो सुटतो? तारेचे धागे तुटलेले किंवा गंजलेले आहेत काय? चाकाच्या आतील बाजूस तेल किंवा ग्रीस पाझरलेले दिसते काय? हवेच्या गाडीत दाब पूर्ण भरून इंजिन बंद केल्यावर काटा झपाट्याने खाली येतो काय? ब्रेक मोकळे ठेवून पाहिले असता एका मिनिटात सुमारे ०.१५ बारपेक्षा अधिक दाब गळत असेल, तर गळती शोधल्याशिवाय सौदा पुरा करू नये.

स्प्रिंगच्या ब्रेकबाबत आणखी एक दोष मुद्दाम तपासावा. वाटेत हवा गळून ब्रेक लागला तर गाडी हलविता यावी म्हणून डब्यामागे एक बोल्ट फिरवून स्प्रिंग हाताने दाबून ठेवण्याची सोय असते. ही सोय केवळ अडलेली गाडी बाजूस घेण्यापुरती आहे. पण कधीकधी दुरुस्ती टाळण्यासाठी बोल्ट तसाच ओढलेला ठेवून गाडी महिनोन् महिने चालविली जाते. अशा गाडीस हातब्रेक नाहीच असे समजावे. केबिनमधील झडप नेहमीसारखी फिरते, हवा सुटल्याचा आवाजही येतो, पण स्प्रिंग चाकापर्यंत पोहोचत नाही.

निगा

तारेच्या ब्रेकमध्ये एक चूक वारंवार होते. लिव्हर वर येऊ लागला की केवळ तार आवळली जाते. लिव्हर उंच येण्याचे कारण अनेकदा तारेत नसून ड्रममधील झिजलेल्या पट्ट्यांत असते. म्हणून आधी ड्रममधील पट्ट्यांचे अंतर योग्य करावे आणि नंतर, जरूर असेल तरच, तार ताणावी. उलट क्रमाने केल्यास पट्टे ड्रमला घासत राहतात, चाक तापते आणि पट्टे लवकर संपतात. किती दातांवर ब्रेक पूर्ण लागावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तोच आकडा प्रमाण मानावा. चिखलातून किंवा ओढ्यातून गेलेल्या गाडीची तार, तिचे आवरण आणि खालचे सांधे धुऊन, वाळवून, वंगण द्यावे.

स्प्रिंगच्या ब्रेकमध्ये दांड्याची चाल पाहणे हे मुख्य काम आहे. स्प्रिंग जसजशी उलगडते तसतसा तिचा जोर कमी होतो. पट्टे झिजून दांड्यास फार पुढे जावे लागले, तर ड्रमपर्यंत पोहोचेपर्यंत स्प्रिंगचा पुष्कळ जोर खर्ची पडलेला असतो. म्हणजे स्प्रिंग नवी असूनही गाडी घरंगळू शकते. मोठ्या मालमोटारींतील नेहमीच्या एका आकाराच्या डब्यात दांड्याची एकूण चाल सुमारे ६३ मिलिमीटर असते. ब्रेक पूर्ण लावला असता ती ५० मिलिमीटरपर्यंत पोहोचली की समायोजन केलेच पाहिजे. रोजच्या तपासणीसाठी सोपी रीत अशी : गाडी सपाट जागी ठोकळे लावून उभी करावी, हवा भरून हातब्रेक मोकळा करावा, इंजिन बंद करावे आणि दांडा हाताने ओढून पाहावा. तो सुमारे २५ मिलिमीटरपेक्षा अधिक हलत असेल तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी. आपोआप समायोजन करणारे साधन असलेल्या गाडीतही ही तपासणी सोडू नये. असे साधन असूनही चाल वाढत असेल तर साधन किंवा ब्रेकचा दुसरा एखादा भाग बिघडला आहे असा त्याचा अर्थ होतो.

स्प्रिंगचा डबा गावात किंवा शेतावर कधीही उघडू नये. त्यातील स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली असते. झाकण सुटल्यास ते गोळीसारखे उडून प्राणघात होऊ शकतो. डबा बिघडला तर तो बदलणे हाच मार्ग आहे.

हवेच्या टाकीत पाणी व तेल साचते. पावसाळ्यात हे प्रमाण वाढते. पाण्यामुळे झडपा गंजून अडकतात व हवा वेळेवर सुटत नाही. ज्या गाडीस हवा कोरडी करणारे साधन नाही, तिच्या टाकीची खालची झडप रोज काम संपल्यावर उघडून पाणी काढावे. साधन असलेल्या गाडीत ते ठरल्या मुदतीत बदलून घ्यावे.

पट्ट्यांवर तेल किंवा ग्रीस आले तर ते घासलेटने धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह होतो. तेल पट्ट्यात मुरलेले असते आणि तापताच वर येते. असे पट्टे जोडीने बदलावेत आणि तेल जेथून येते ते सील आधी बदलावे. ड्रममधील भुकटी फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपाय करते. ओल्या फडक्याने पुसणे हितावह होय.

हंगाम संपल्यावर गाडी किंवा ट्रेलर पावसाळाभर उभा ठेवावयाचा असेल, तर सपाट जागा निवडून चाकांना ठोकळे लावावेत व ब्रेक मोकळे सोडावेत. अन्यथा ओलाव्याने पट्टे ड्रमला चिकटून बसतात आणि पुढील हंगामात ते ओढताना फाटतात.

भार घालून कसोटी

हातब्रेकची कसोटी वर्षातून एकदा कागदपत्रांसाठी घेण्याची नसून, हंगामाच्या आरंभी आणि त्यानंतर दर महिन्यास घ्यावयाची आहे. नेहमीच्या वजनाइतका माल भरून गाडी ओळखीच्या, रहदारी नसलेल्या उतारावर न्यावी. खालच्या बाजूस एकही मनुष्य किंवा जनावर असू नये. टायरपासून वीतभर अंतरावर भक्कम ठोकळे ठेवावेत, म्हणजे ब्रेक न टिकल्यास गाडी तेथेच अडेल. चालकाने आपली जागा सोडू नये. गिअर मोकळा ठेवून हातब्रेक लावावा, पायब्रेक हळूहळू सोडावा आणि गाडी पाच मिनिटे निश्चल राहते काय ते पाहावे. नंतर गाडी उलट तोंडाने उभी करून हाच प्रयोग करावा. ड्रममधील पट्ट्यांची पकड दोन्ही दिशांना सारखी नसते. म्हणून चढावर तोंड करून टिकणारी गाडी उतारावर तोंड करून सरकू शकते.

उतार नसलेल्या मुलखात सपाट रस्त्यावर हातब्रेक लावून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडून गाडी जराशी ओढून पाहावी. गाडीने पुढे न जाता जागीच दबून बसावे. ही रीत उताराच्या कसोटीइतकी पक्की नाही. परंतु निरुपयोगी ब्रेक तिने तत्काळ उघडा पडतो.

गाडी उभी करण्याची रीत

चांगला ब्रेकही चुकीच्या रीतीने वापरला तर दगा देतो. गाडी उभी करताना पुढील क्रम पाळावा.

१. पायब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवावी व हातब्रेक लावावा.

२. पायब्रेक हळूहळू सोडून गाडीचे ओझे हातब्रेकवर घ्यावे. गाडी सरकली तर तेथेच कळते.

३. इंजिन बंद करून चढावर तोंड असल्यास पहिला गिअर, उतारावर असल्यास मागचा गिअर टाकावा. गिअर हा हातब्रेकचा सोबती आहे; त्याचा बदली नव्हे.

४. पुढील चाके अशी वळवावीत की गाडी सुटल्यास ती डोंगराच्या किंवा बांधाच्या बाजूस जाईल, दरीकडे नव्हे.

५. उतारावर, आणि माल चढविताना-उतरविताना सर्वत्र, चाकाच्या उतरत्या बाजूस ठोकळे लावावेत.

घाट उतरून आलेल्या गाडीचे ड्रम फार तापलेले असतात. तापलेले ड्रम निवताना आकसतात आणि लावलेल्या हातब्रेकमुळे ड्रमला व पट्ट्यांना इजा पोहोचण्याचा संभव असतो. अशा वेळी गाडी सपाट जागी नेऊन, ठोकळे लावून, ड्रम निवेपर्यंत हातब्रेक न लावणे श्रेयस्कर. मात्र या वेळात गाडीपासून दूर जाऊ नये.

हातब्रेक साधारणपणे मागील चाकांनाच धरतो, हेही विसरू नये. पावसात काळ्या जमिनीवर किंवा चिखलाच्या वाटेवर चाके घट्ट धरलेली असूनही गाडी घसरत जाते. तेथे दोष ब्रेकचा नसून जागेचा असतो. अशा जागी भरलेली गाडी उभी करू नये, आणि केलीच तर पुढील चाकांनाही ठोकळे द्यावेत.

ठोकळे म्हणून रस्त्याकडेचा दगड वापरण्याची रीत सर्वत्र आहे. गोल दगडावरून टायर सहज चढते, आणि गाडी निघून गेल्यावर तो दगड रस्त्यातच राहून रात्रीच्या दुचाकीस्वाराचा घात करतो. बाभळीच्या किंवा तत्सम कठीण लाकडाच्या दोन पाचरी गावचा सुतार थोड्या वेळात करून देतो. त्यांना दोरी बांधून गाडीतच ठेवावे व निघताना आठवणीने उचलावे.

ट्रेलर आणि ऊसवाहतूक

ट्रॅक्टरला जोडलेल्या अनेक ट्रेलरांना स्वतःचा ब्रेक नसतो. भरलेल्या ट्रेलरचे सर्व ओझे त्या वेळी ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर पडते, आणि दोन ट्रेलर जोडले असता ते दुपटीने वाढते. म्हणून नवा ट्रेलर बांधून घेताना त्यास ब्रेक व स्वतंत्र हातब्रेक असावा असा आग्रह धरावा. हवेचा ब्रेक असलेला ट्रेलर केवळ हवेच्या जोरावर धरून ठेवू नये. हवा तासा-दोन तासांत गळते आणि ट्रेलर सुटतो. ट्रेलर सोडण्यापूर्वी, जोडाची खीळ काढण्याच्या आधी, चाकांना ठोकळे लागले पाहिजेत. खीळ काढून मग ठोकळा शोधावयास जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

कारखान्याच्या आवारात आणि उसाच्या फडात या सर्व गोष्टींना विशेष महत्त्व येते. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे पहाटेपासून फडात राबतात. त्यांची लहान मुले सावलीसाठी उभ्या गाडीच्या किंवा ट्रेलरच्या आडोशाला बसतात, क्वचित चाकांमध्येच निजतात. रांगेत थांबलेली गाडी हातभर सरकली तरी तेथे अनर्थ होतो. हातब्रेक लागला आहे, ठोकळे आहेत आणि गाडीखाली कोणी नाही, या तिन्ही गोष्टी स्वतः खाली उतरून पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे. गाडी हलविण्यापूर्वीही तिच्याभोवती एक फेरी मारण्याची सवय ठेवावी. फडावर मुलांसाठी गाड्यांपासून दूर एखादी चवाळ्याची सावली करून देणे मुकादमास व शेतमालकास सहज शक्य आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

हे ज्ञान छापील कागदापेक्षा प्रत्यक्ष प्रयोगाने लवकर पटते. गळीत हंगामापूर्वी किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी गावातील एक मालमोटार व एक ट्रॅक्टर-ट्रेलर घेऊन, मिस्त्रीच्या मदतीने, भार घालून हातब्रेकची कसोटी करून दाखवावी. एकच गाडी रिकामी व भरलेली अशी दोन वेळा त्याच उतारावर उभी करून दाखविली, तर फरक पाहणाऱ्यांच्या मनावर ठसतो. लाकडी पाचरींचा एक नमुना ग्रामपंचायतीत ठेवावा. सोसायटीमार्फत अनेक गाड्यांचे पट्टे, तारा व सील एकदम मागविल्यास मिस्त्रीची फेरीही एकदाच करून घेता येते.

एका जोडी पाचरीस आणि एका तारेस येणारा खर्च गाडीच्या एका खेपेच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. तो हंगामाच्या आरंभीच करावा. शेतकरी बंधूंनी आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देताना डिझेल व टायर यांची चौकशी जशी करावी, तशीच भरलेल्या गाडीवर हातब्रेक केव्हा पाहिला याचीही करावी. आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्या गाडीत माल चढवू देऊ नये.